डिस्चार्जनंतरची वर्षं

प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या आईवडिलांना सगळ्यात जास्त धास्ती कधी वाटली असेल, असं विचारलं तर बाहेरचे लोक शस्त्रक्रियेच्या दिवसाचं नाव घेतात. ज्यांनी हे भोगलंय ते डिस्चार्जच्या दिवसाबद्दल बोलतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नसतं. बाकावर बसायचं आणि दार उघडायची वाट बघायची. डिस्चार्जच्या दिवशी सगळं त्यांच्याच हातात येतं. औषधांची जड पिशवी, वेळांचा तक्ता, थर्मामीटर, ‘काही वाटलं तर लगेच फोन करा’ ही सूचना आणि पोटावर लांबलचक व्रण घेऊन कडेवर बसलेलं मूल. वॉर्डात मॉनिटर वाजला की सिस्टर धावत यायच्या. घरी रात्री दोनला मूल कण्हलं, तर ते दुखण्यानं की स्वप्नानं, हे आईनंच ठरवायचं.

हे पुस्तक त्या पुढच्या वर्षांबद्दल आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेली मुलं, त्यांची घरं आणि त्या घरांच्या बाजूनं उभे राहणारे रुग्णमित्र यांचे अनुभव यात एकत्र केले आहेत. या रुग्णमित्रांपैकी काही जण रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक आहेत, काही सेवाभावी संस्थांचे कार्यकर्ते आहेत, आणि काही स्वतः याच वाटेनं गेलेले आईबाप आहेत. मुलांची नावं, गावं, रुग्णालयं कुठेच दिलेली नाहीत. मोठं झाल्यावर आपल्या आजाराबद्दल कोणाला काय सांगायचं, ते त्या मुलानंच ठरवावं, म्हणून.

यकृत प्रत्यारोपणाचा इतिहास मुलांपासूनच सुरू होतो. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर इथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, ते तीन वर्षांच्या एका मुलावर. त्याच्या पित्तनलिका बंद होत्या. ते मूल टेबलावरच गेलं. १९६७ साली स्टार्झल यांनीच दीड वर्षाच्या एका मुलीला यकृत बसवलं आणि ती वर्षभराहून थोडी जास्त जगली. आपल्याकडे १९६५ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला. यश आलं ते १९७१ साली वेल्लोरला. आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत वीस महिन्यांच्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. भारतातलं लहान मुलावरचं ते पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण. तो मुलगा पुढे शिकून डॉक्टर झाला.

पण कात्री-सुईचं तंत्र साधलं म्हणून ही मुलं जगू लागली, असं समजणं अर्धवट आहे. शरीर परका अवयव ओळखतं आणि त्याच्यावर चाल करून जातं. ती चाल रोखणारी औषधं आल्यावरच खरा फरक पडला. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत १९८३ साली मान्यता मिळाली. जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं टॅक्रोलिमस १९९३ मध्ये तिथे बाजारात आलं, आणि आज बहुतेक मुलं तेच घेतात. रोज सकाळी आणि रात्री, बारा तासांच्या अंतरानं, नवा अवयव आहे तोवर. दहा-बारा तासांच्या शस्त्रक्रियेनं वाचवलेलं मूल पुढे रोज दोनदा घरी वाचवावं लागतं, आणि ते काम आईचं, बापाचं किंवा आजीचं असतं.

आपला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. मानवी अवयवांची खरेदी-विक्री थांबवणं हा त्यातला मोठा हेतू होता आणि तो रास्तच होता. २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबांना जवळच्या नातेवाइकांत घेतलं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयाला समन्वयक नेमणं बंधनकारक केलं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांनी प्रतीक्षायादी आणि अवयववाटप यांना शिस्त लावली. देशात २०१३ साली पाच हजारांच्या आत असलेली प्रत्यारोपणं २०२२ मध्ये सोळा हजारांवर गेली. हे सगळं कमावलेलं आहे आणि त्यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही सगळी रचना अवयव मिळेपर्यंतची आहे. कागदपत्रं, समितीपुढची मुलाखत, रक्तगट, मंजुरी, शस्त्रक्रिया. मिळालेला अवयव घरात टिकवायचा कसा, यासाठी कायद्यानं कोणाचीच नेमणूक केलेली नाही. समन्वयक हे काम जमेल तसं करतात, पण त्यांच्या टेबलावर तोवर पुढच्या मुलाची फाईल आलेली असते.

रुग्णमित्राची गरज नेमकी कुठे पडते, ते एका रक्ततपासणीवरून सांगते. टॅक्रोलिमस रक्तात किती आहे ते ठरावीक दिवसांनी पाहावं लागतं. पालक त्याला ‘लेव्हल’ म्हणतात. कमी पडलं तर शरीर अवयव नाकारतं, जास्त झालं तर मूत्रपिंडावर ताण येतो, हात थरथरतात. रक्त सकाळच्या डोसच्या आधी घ्यावं लागतं, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी. आता समजा, परभणीची एक आई मुलाला घेऊन देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास करून सकाळी मुंबईत उतरते. रात्रीचा डोस तिनं गाडीत, मोबाइलच्या उजेडात दिला आहे. सकाळचा डोस पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला आहे, आणि तो रक्त घेतल्याशिवाय द्यायचा नाही. रक्ततपासणीच्या खिडकीपुढे साठ माणसं. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत साडेअकरा. मग डोस उशिरा, लेव्हल कमी दिसणार, ती पाहून डॉक्टर डोस वाढवणार, आणि घरी गेल्यावर तोच डोस जास्त ठरणार. कोणीही चुकलेलं नाही, तरी मुलाच्या शरीरात नको तो फरक पडला.

इथे रुग्णमित्र ताई काय करते? ती प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आधी भेटून ठेवते, की प्रत्यारोपणाच्या मुलांचं रक्त खिडकी उघडताच घ्या. ते जमलं नाही तर रात्रीचा डोस किती वाजता दिला आणि रक्त किती वाजता घेतलं, या दोन्ही वेळा ती आईकडून केसपेपरवर लिहून घेते, म्हणजे आकडा वाचणाऱ्याला तो कसा वाचायचा ते कळतं. परभणीतच रक्त घेऊन नमुना पाठवता येतो का, याची ती चौकशी करते. यात मोठं शास्त्र नाही. ज्याला वेळ आहे आणि ज्याला त्या आईचा प्रवास माहीत आहे, असं माणूस लागतं. डॉक्टरांना वेळ नसतो, आणि आईला डॉक्टरांपुढे तोंड उघडायचा धीर नसतो. ‘सरांना कसं सांगू, ते रागावतील’ हे वाक्य या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक आईनं कधी ना कधी म्हटलेलं आहे.

औषधाचं दुकान हे दुसरं ठिकाण. लहान मुलांचा डोस इतका थोडा असतो की अर्ध्या मिलिग्रॅमच्या कॅप्सूलचीही विभागणी करावी लागते. ती कशी करायची हे वॉर्डातून निघताना एकदा दाखवलेलं असतं, आणि एकदा पाहून ते कोणालाच येत नाही. दुकानदार ‘तेच औषध आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं पाकीट देतो. या औषधात कंपनी बदलली तर डॉक्टरांना विचारून बदलायची आणि लेव्हल पुन्हा बघायची असते. खोकल्यासाठी गावचा डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन लिहून देतो आणि टॅक्रोलिमस रक्तात झपाट्यानं वाढतं. क्षयाच्या रिफॅम्पिसिननं तेच एकदम उतरतं. अंगदुखीवरची साधी गोळी मूत्रपिंडाला मारक ठरू शकते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीतलं पपनस टाळायला सांगतात. ही यादी आईच्या डोक्यात राहील अशी अपेक्षा करणं क्रूरपणाचं आहे. म्हणून काही रुग्णमित्रांनी मराठीत एक कार्ड करून दिलंय. कोणत्याही दवाखान्यात गेलं की डॉक्टरांनी पेन उचलण्याआधी ते पुढे करायचं. गावचे डॉक्टर दुखावतात, असं पालक सांगतात. दुखावू देत. आणि दुखावलेल्या डॉक्टरांना फोन करून समजावणं, हेही त्या ताईचंच काम.

सगळ्यात अवघड असतात हितचिंतक. मूल अशक्त दिसलं की शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा घेऊन येतात, ‘प्रतिकारशक्ती वाढते’ म्हणून. इथे तर औषधं देऊन मुद्दाम प्रतिकारशक्ती दाबून धरलेली आहे, म्हणून तर नवं यकृत टिकलंय. ही गोष्ट माणसाच्या नेहमीच्या समजुतीच्या इतकी उलट आहे की शिकलेल्यांनाही ती पटवावी लागते. कोविडच्या काळात गुळवेलीचा खप घरोघर वाढला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांनी करावा. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही काढा द्यायचा नाही, याबद्दल वाद नको. आता हे सासूबाईंना कोण सांगणार? सुनेनं सांगितलं तर घरात भांडण. रुग्णमित्र ताई घरी येते, चहा घेते, सासूबाईंच्या शेजारी बसून त्यांच्या गुडघेदुखीची चौकशी करते आणि मग हे सांगते. घर टिकलं तर मूल टिकतं, हे तिला कळलेलं असतं.

पल्स पोलिओचा रविवार हा असाच एक दिवस. तोंडातून देतात ते थेंब जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूचे असतात. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला ते द्यायचे नाहीत, आणि त्याच घरातल्या धाकट्या भावंडालाही नाहीत, कारण तो विषाणू काही आठवडे शौचावाटे बाहेर पडतो. त्यांच्यासाठी इंजेक्शनची लस. एका घरातली हकीकत या पुस्तकात आहे. दारात आशाताई आल्या, हातात निळा लसवाहक डबा. आई म्हणाली, धाकट्याला थेंब देऊ नका. आशाताईंना वाटलं, ही अफवांवर विश्वास ठेवणारी बाई. बिचाऱ्यांनी समजावलं, मग वरिष्ठांना बोलावलं, आळीत बायका जमल्या. आईला बोलता येईना, तिला रडू फुटलं. तिनं फोन लावून तो नुसता पुढे केला. पलीकडून रुग्णमित्र ताईनं पाच मिनिटांत सगळं सांगितलं, आणि संध्याकाळी रुग्णालयाचं पत्र आरोग्य केंद्रात पोचवलं. आशाताई आता त्या घरी आपणहून येतात, वस्तीत कोणाला गोवर-कांजिण्या निघाल्या की आधी सांगायला. त्या मुलासाठी हे फार मोलाचं आहे. कांजिण्यांशी संबंध आल्यावर थोड्याच दिवसांत उपाय केला तर धोका टळू शकतो, आणि उशीर झाला तर साधा वाटणारा आजार जिवावर बेततो.

शाळेचंही तसंच. शिक्षकांना जबाबदारी नको असते आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. ‘काही झालं तर?’ या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नसतं. रुग्णमित्र मुख्याध्यापकांकडे जाते आणि काय करायचं, काय करायचं नाही, हे एका पानावर लिहून देते. वर्गात कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी कळवा. पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या. पोटावर चेंडू लागेल असे खेळ नकोत, बाकी खेळू द्या. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडा स्पर्धा १९७८ पासून भरतात आणि त्यांत मुलंही धावतात, पोहतात. मुलाला काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी हा अवयव दिलेला नाही, हे शाळेला आणि पुष्कळदा आईलाही सांगावं लागतं.

आईबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मुलाला यकृताचा तुकडा किंवा मूत्रपिंड देणारी आई स्वतः पोट फाडून घेतलेली रुग्ण असते, पण तिला रुग्ण मानायला कोणी तयार नसतं, तीही नसते. महिनाभरात ती मुलाला कडेवर उचलते, कळशी उचलते. तिची तपासणी ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून राहून जाते. चांगली रुग्णमित्र ताई मुलाच्या फाईलबरोबर आईची फाईलही काढायला लावते आणि दोघांच्या तारखा एकाच दिवशी मागते. आणखी एक फार अवघड जागा आहे. बायॉप्सीत ‘रिजेक्शन’ आलं की आईला वाटतं, आपलंच काही कमी पडलं. ‘माझं यकृत त्याला मानवलं नाही’ असं एक आई म्हणाली. डॉक्टर पेशींच्या भाषेत समजावतात, त्यानं तिचं समाधान होत नाही. तिच्याजवळ बसून तेच पुन्हा पुन्हा ऐकून घेणारं कोणीतरी लागतं.

बापांबद्दल या पुस्तकात कमी आहे, आणि ही त्रुटी मला खटकते. नोकरी गेलेले, सावकाराकडून पैसे उचललेले, दुसऱ्या मुलाला आजोळी ठेवून आलेले बाप कमी बोलतात. पुढच्या आवृत्तीत त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

पैशाचं बोलायला लोक संकोचतात, म्हणून मी इथेच बोलते. शस्त्रक्रियेसाठी पैसा उभा राहतो. मुख्यमंत्री सहायता निधी, धर्मादाय संस्था, देवस्थानं, मोबाइलवरून जमणाऱ्या वर्गण्या, गावातली पेटी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या निर्णयानं अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. पण तिसऱ्या वर्षीच्या औषधांसाठी कोणी पेटी फिरवत नाही. मूल धडधाकट दिसत असतं, मग कशाला द्यायचे? दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना प्रत्यारोपणानंतरच्या औषधांसाठी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत मदतीची तरतूद राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात आहे. ती ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या अनेकांना तिचं नावही माहीत नसतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना उपचारांच्या प्रवासासाठी रेल्वेची सवलत आहे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. थॅलेसेमिया आणि सिकलसेल त्यांत आहेत, प्रत्यारोपण नाही. त्यामुळे या मुलांना प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून त्यावर मिळणाऱ्या सवलतीही नाहीत. पैसे संपले की घरात आधी काय होतं, हे रुग्णमित्रांना पाठ आहे. आई गोळ्या पुरवून पुरवून देऊ लागते. ती हे डॉक्टरांना सांगत नाही. ताईला सांगते, कारण ताई रागावणार नाही. त्या एका कबुलीमुळे वाचलेली मूत्रपिंडं आणि यकृतं कोणत्याही अहवालात मोजली जात नाहीत.

आणि मग मूल मोठं होतं. प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात जगभर ज्या वयाची सगळ्यांनी धास्ती घेतली आहे ते हे वय, तेरा-चौदापासून विशीच्या पुढेपर्यंत. स्टेरॉइडनं चेहरा गोल झालेला, सायक्लोस्पोरिन घेणाऱ्या मुलींच्या गालांवर लव आलेली, मित्र रात्रीच्या जेवणाला बोलावतात तेव्हा आठच्या गोळीची आठवण करणारी आई. ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ या प्रश्नात बंडखोरी कमी आणि थकवा जास्त असतो. एक मुलगा सहा आठवडे गोळ्या गच्चीवरून फेकत होता. घरच्यांना ते क्रिएटिनिन वाढल्यावर कळलं. अशा वेळी मुलाशी एकट्याशी बोलणारं, आईचा दूत नसलेलं माणूस लागतं. शक्य असेल तेव्हा रुग्णमित्र ताई त्याच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, त्याच औषधांवर असलेल्या कोणाशी त्याची गाठ घालून देते. मुलींच्या घरात लग्नाचा आणि मुलांबाळांचा प्रश्न हळू आवाजात निघतो. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या बाईनं पहिल्यांदा बाळाला जन्म दिला तो १९५८ साली, आणि त्यानंतर अशा कितीतरी जणी आई झाल्या आहेत. मात्र काही औषधं त्याआधी बदलावी लागतात, म्हणून हे बोलणं लग्न ठरण्याच्याही आधी, त्या मुलीशीच व्हायला हवं. अठरा पूर्ण झाल्यावर बालरोग विभागातून मोठ्यांच्या विभागात जायचं, तेव्हाही नव्या दारापर्यंत सोबत हवी. जुन्या डॉक्टरांनी अंगाखांद्यावर वाढवलेलं मूल तिथे एका नंबरचा रुग्ण असतं आणि पुष्कळ मुलं नेमकी याच वळणावर तपासणीला येणं सोडतात.

सगळी मुलं वाचत नाहीत. या पुस्तकात अशी दोन घरं आहेत. तिथे रुग्णमित्रांनी काय केलं, ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलंय आणि मी त्यात भर घालत नाही. एवढंच नोंदवते, की मूल गेल्यावर रुग्णालयाशी घराचा संबंध एका दिवसात तुटतो. दात्या आईची तपासणीही मग होत नाही. दोन्ही घरांत रुग्णमित्र त्यानंतरही जात राहिल्या.

आजाऱ्याच्या घरापर्यंत पोचणारं माणूस रुग्णालयात असावं, ही कल्पना नवी नाही. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलनं १८९५ साली असं पद निर्माण केलं. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमली गेली. पण त्या पदावरच्या माणसाला आज मोतीबिंदूपासून बेवारस रुग्णांपर्यंत सगळं बघावं लागतं. मुलांच्या प्रत्यारोपणासाठी स्वतंत्र, प्रशिक्षित, पगारी रुग्णमित्र हवा, हे माझं ठाम मत आहे. निव्वळ सेवाभावावर हे काम चालवू नये. सेवाभावी माणूसही थकतं, त्याचंही घर असतं, आणि रात्री दोनचा फोन वर्षानुवर्षं फुकट उचलायला लावणं अन्याय आहे.

पगार कोणी द्यायचा, यावर मतभेद आहेत. रुग्णालयानं द्यावा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. बिलाबद्दल, उशिराबद्दल, वॉर्डातल्या वागणुकीबद्दल घरच्यांच्या वतीनं बोलायची वेळ येते, तेव्हा त्याच रुग्णालयाच्या पगारावरचं माणूस किती बोलू शकेल? ही पदं सरकारनं विभागीय समन्वय केंद्रांकडे द्यावीत आणि बसवावीत ती जिल्हा रुग्णालयांत, म्हणजे मुलाच्या घराजवळ. सुरुवात मराठवाडा आणि विदर्भातल्या जिल्ह्यांपासून व्हावी. तिथल्या आया एका रक्ततपासणीसाठी रात्रभराचा प्रवास करतात, आणि तिथेच आज एकही रुग्णमित्र पगारावर नेमलेला मला आढळलेला नाही.